पलटणीचा बोकड ते स्टुडिओतले अस्वल: सैनिकांसाठीच्या शुभंकराची पार्श्वभूमी

जखमी आणि माजी सैनिकांसाठी निधी उभारणाऱ्या ब्रिटिश धर्मादाय संस्थांची टेडी अस्वले गेल्या दीड-दोन दशकांत तिथल्या सार्वजनिक जीवनात सर्रास दिसू लागली आहेत. शर्यतीच्या प्रारंभरेषेवर, फुटबॉलच्या मैदानात, बाजारपेठेच्या तोंडाशी आणि दूरचित्रवाणीच्या स्टुडिओतही ती हजेरी लावतात. चित्रीकरणाच्या दिवशी अस्वल येते, सूत्रसंचालकाच्या शेजारी उभे राहून छायाचित्र काढून घेते, प्रेक्षकांतल्या मुलांना टाळी देते आणि निघून जाते. बातमी दोन ओळींत संपते. मात्र सैनिकाच्या जखमेचा विषय एका मऊ खेळण्याच्या हाती कसा आला, त्या खेळण्याला स्टुडिओचे दार कसे उघडले आणि मुळात हा पैसा लोकांकडे मागण्याची वेळ का आली, यामागे मोठा इतिहास आहे. टेडी बेअरला टेडी हे नाव कसे पडले, ती १९०२ सालची अमेरिकेतील शिकारीची आणि वर्तमानपत्रातील व्यंगचित्राची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. ती येथे पुन्हा सांगत नाही.

पहिली अडचण शब्दाची आहे आणि ती वाटते त्यापेक्षा गुंतागुंतीची आहे. ‘मॅस्कॉट’ला मराठीत आपण ‘शुभंकर’ म्हणतो. दिल्लीच्या १९८२ च्या आशियाई स्पर्धांतला अप्पू हत्ती ज्यांना आठवतो, त्यांच्या मनात शुभंकर म्हणजे स्पर्धेचा हसरा, गुबगुबीत प्राणी असेच चित्र आहे. घाईत लिहिलेल्या बातम्यांत हाच शब्द ‘बोधचिन्ह’ या शब्दाशी अदलाबदल करून वापरला जातो. वास्तविक बोधचिन्ह छापले जाते आणि शुभंकर लोकांमध्ये वावरतो. मूळ फ्रेंच ‘मास्कोत’ हा शब्द दक्षिण फ्रान्समधील प्रोव्हान्सच्या बोलीत चेटकिणीसाठी असलेल्या ‘मास्को’ या शब्दावरून आला, आणि १८८० मध्ये पॅरिसच्या रंगभूमीवर आलेल्या एका संगीतिकेने तो युरोपभर पोचवला. नशीब उजळवणारी व्यक्ती किंवा वस्तू हा त्याचा तेव्हाचा अर्थ होता. तेवढ्यापुरता ‘शुभंकर’ हा प्रतिशब्द अचूक म्हणावा लागेल.

ब्रिटिश सैन्यात मात्र या शब्दाला नशिबापेक्षा कारकुनी अर्थ अधिक आहे. तिथे पलटणीचा ‘मॅस्कॉट’ आणि पलटणीचा ‘पेट’, म्हणजे नुसता पाळीव प्राणी, यांत अधिकृत फरक केला जातो. पलटणीने हौसेने पाळलेले कुत्रे, मांजर किंवा घोडे कितीही लाडके असले, तरी त्यांचा खर्च पलटणीने आपल्या पदरचा करायचा असतो. अधिकृत शुभंकराचे नाव सैन्याच्या दप्तरी लागते, त्याला हुद्दा मिळतो, आणि त्याचे खाणे, निवारा व औषधपाणी सरकारी तिजोरीतून होते. आयरिश रक्षक पलटणीकडे वुल्फहाउंड जातीचा कुत्रा १९०२ पासून होता, पण त्याला हा अधिकृत दर्जा मिळायला १९६१ साल उजाडले. त्यानंतरच सैन्याच्या पशुवैद्यक दलाची सेवा त्याला हक्काने मिळू लागली. सहा दशके पलटणीपुढे चालणारा कुत्रा तोपर्यंत नियमाच्या दृष्टीने केवळ पाळीव होता. हा तपशील क्षुल्लक वाटेल, पण पुढच्या सगळ्या चर्चेची किल्ली त्यात आहे: अधिकृत शुभंकर तो, ज्याला पोसण्याची जबाबदारी सरकारने लेखी स्वीकारली आहे.

जबाबदारीबरोबर शिस्तही येते. वेल्श पलटणीच्या बोकडाचे उदाहरण त्यासाठी नेहमी दिले जाते. व्हिक्टोरिया राणीने १८४४ मध्ये राजघराण्याच्या कळपातला बोकड या पलटणीला दिला, आणि काश्मिरी जातीच्या त्या कळपाशी पलटणीचे नाते आजही टिकून आहे. जून २००६ मध्ये सायप्रसमधील एपिस्कोपी येथे राणीच्या वाढदिवसाच्या संचलनात पलटणीचा तेव्हाचा बोकड बिली रांग सोडून भरकटला आणि त्याने ढोलवाल्याला ढुशी देण्याचा प्रयत्न केला. त्याच्यावर रीतसर आरोप ठेवले गेले, त्याला लान्स कॉर्पोरलच्या हुद्द्यावरून खाली उतरवले गेले, आणि तीन महिन्यांनी सप्टेंबरमधील संचलनात वागणूक सुधारल्यावर हुद्दा परत देण्यात आला. परक्या वाचकाला यात गंमत दिसते. सैनिकांच्या दृष्टीने मात्र तो आपल्यातलाच एक असल्याचा तो पुरावा होता, कारण ज्याला शिक्षा होऊ शकते तोच दलाचा खरा सदस्य मानला जातो.

याच परंपरेचा एक धागा थेट पुण्यापर्यंत येतो आणि मराठी वाचकाने तो जाणून घ्यावा असा आहे. १८५८ च्या मार्चमध्ये ब्रिटिश फौजांनी राजस्थानातील कोटा शहर घेतले, तेव्हा ९५ व्या डर्बीशायर पलटणीच्या प्रमुखाला एका देवळाच्या आवारात बांधलेला दांडगा एडका दिसला. त्याच्या हुकमाने तो पलटणीत आणला गेला आणि ‘प्रायव्हेट डर्बी’ या नावाने भरती झाला. मध्य भारताच्या मोहिमेत तो पलटणीबरोबर सुमारे ३,००० मैल चालला. एडक्यांच्या ३३ टकरी तो खेळला आणि एकही हरला नाही, अशी पलटणीची नोंद आहे. १८६२ मध्ये पुण्यात झालेल्या संचलनात पलटणीतील सैनिकांबरोबर या एडक्यालाही मध्य भारताच्या मोहिमेचे पदक देण्यात आले, आणि १८६३ मध्ये हैदराबादेत विहिरीत पडून तो मेला. त्याच्या नावाचा वारसा सांगणारा एडका आजही त्या पलटणीच्या उत्तराधिकारी दलापुढे चालतो. ब्रिटिश लिखाणात ही कथा कौतुकाने सांगितली जाते. ज्या मोहिमेसाठी ते पदक दिले गेले, तीच मोहीम झाशीच्या राणीविरुद्धची होती, आणि १७ जून १८५८ रोजी ग्वाल्हेरजवळ कोटा-की-सराय येथे राणी लक्ष्मीबाई धारातीर्थी पडल्या, तेव्हा समोरच्या ब्रिगेडमध्ये हीच ९५ वी पलटण होती, हे त्या लिखाणात क्वचितच येते. आपण मात्र ते विसरू नये. देवळाच्या आवारातून नेलेला एडका हा त्यांच्या दृष्टीने शुभंकर असेल. आपल्या बाजूने पाहता ती युद्धातली लूट होती.

आता टेडी अस्वलाकडे वळले, की शब्दाचा गुंता नीट दिसतो. धर्मादाय संस्थेच्या अस्वलालाही ‘मॅस्कॉट’च म्हणतात, पण त्याला हुद्दा नाही, दप्तरात नोंद नाही आणि सरकारी शिधाही नाही. पलटणीच्या बोकडाला सरकार पोसते. हे अस्वल मात्र सरकारच्याच सैनिकांच्या उपचारासाठी लोकांकडून पैसे आणते. दोघांना एकच शब्द लावला, की हा फरक झाकला जातो. ‘निधिदूत’ असा एखादा शब्द रूढ झाला असता तर बरे झाले असते. पण भाषा असे हुकूम मानत नाही, म्हणून येथेही शुभंकर हाच शब्द वापरला आहे.

अस्वलच का, या प्रश्नाचे उत्तर अंशतः पलटणींच्या या भावकीत आहे. बोकड म्हटला की वेल्श, वुल्फहाउंड म्हटला की आयरिश, शेटलंड तट्टू म्हटले की स्कॉटिश पलटण किंवा छत्रीधारी दल, अशी वाटणी प्रत्येक ब्रिटिश सैनिकाच्या डोक्यात पक्की असते. भूदल, नौदल आणि हवाई दल या तिन्हींसाठी पैसा गोळा करणाऱ्या संस्थेने यातला कोणताही प्राणी घेतला असता, तर इतरांना तो परका वाटला असता. अस्वल आज कोणत्याही ब्रिटिश पलटणीचा अधिकृत जिवंत शुभंकर नाही. त्यामुळे ते सगळ्यांचे होऊ शकते.

सैनिक आणि अस्वल यांचे नाते मात्र जुने आहे. ऑगस्ट १९१४ मध्ये कॅनडातून युद्धावर निघालेल्या एका लष्करी पशुवैद्याने ऑन्टारियोतील व्हाइट रिव्हर स्थानकावर २० डॉलरला अस्वलाचे पिल्लू विकत घेतले, आपल्या गावावरून त्याचे नाव विनी ठेवले आणि ते इंग्लंडमधील सॉल्सबरी मैदानावरच्या छावणीत आणले. फ्रान्सच्या आघाडीवर जाण्यापूर्वी, डिसेंबर १९१४ मध्ये, त्याने ते लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सोडले. १९३४ पर्यंत ते तिथेच राहिले, आणि एका जगप्रसिद्ध बालकथेतील ‘विनी-द-पू’ या खेळण्यातल्या अस्वलाला त्याचे नाव मिळाले. म्हणजे खेळण्यातले अस्वल आणि छावणीतले अस्वल यांची गाठ त्याच वेळी पडली होती.

त्याच युद्धात खरोखरीचे टेडी अस्वलही खंदकात पोचले. जर्मनीहून येणारी खेळणी युद्धामुळे बंद झाल्यावर ब्रिटिश कारखान्यांना चांगले दिवस आले, आणि पश्चिम लंडनमधील एका कारखान्याने सैनिकाच्या छातीच्या खिशात मावतील अशी बोटभर उंचीची अस्वले काढली. त्यांचे डोळे मुद्दाम किंचित वरच्या बाजूला बसवलेले असत, म्हणजे खिशातून डोके बाहेर काढल्यावर अस्वल सैनिकाच्या चेहऱ्याकडे बघते आहे असे वाटावे.

या काळातले एक अस्वल ओटावा येथील युद्धसंग्रहालयात जपून ठेवलेले आहे. क्वेबेक प्रांतातील एका शेतावर राहणाऱ्या दहा वर्षांच्या मुलीने ते आघाडीवरच्या वडिलांना सांभाळण्यासाठी पाठवले होते. ते जेमतेम १० सेंटीमीटर उंच आहे, त्याचे डोळे गेले आहेत आणि पायही निघून आले आहेत. वडील वैद्यकीय पथकात होते. ऑक्टोबर १९१७ च्या अखेरीस बेल्जियममधील पाशेंडालच्या लढाईत जखमींची शुश्रूषा करताना ते मारले गेले, आणि त्यांच्या चीजवस्तूंबरोबर अस्वल घरी परत आले. सैनिकांसाठीच्या अस्वलाचा मूळ अर्थ या एका वस्तूत जितका स्वच्छ दिसतो तितका तो इतर कोणत्याही कागदपत्रात दिसत नाही: घरच्यांनी पाठवलेली काळजी, जिचा युद्धापुढे काही उपयोग होत नाही, आणि तरीही जी पाठवल्यावाचून राहवत नाही.

दुसऱ्या महायुद्धातले प्रसिद्ध अस्वल वॉयटेक पोलिश फौजेचे होते. १९४२ मध्ये इराणात हमदानजवळ ते पोलिश निर्वासितांच्या हाती आले आणि पुढे तोफखान्याला दारूगोळा पुरवणाऱ्या २२ व्या कंपनीत वाढले. इजिप्तहून इटलीला जाणाऱ्या जहाजावर प्राणी न्यायला मनाई होती, म्हणून त्याची सैनिक म्हणून रीतसर भरती करण्यात आली. १९४४ मध्ये मॉन्ते कासिनोच्या लढाईत त्याने तोफगोळ्यांच्या पेट्या वाहिल्याचे त्याच्या सोबत्यांनी सांगितले, आणि गोळा वाहणारे अस्वल हेच कंपनीचे चिन्ह झाले. युद्धानंतर ते एडिंबराच्या प्राणिसंग्रहालयात राहिले व १९६३ मध्ये मेले. सोव्हिएत छावण्यांतून सुटून इराणमार्गे बाहेर पडलेल्या त्याच पोलिश लोंढ्यातील सुमारे ५,००० माणसे, मुख्यतः बायका-मुले, १९४३ पासून कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत राहत होती. वॉयटेकला वाढवणाऱ्या सैनिकांची आणि वळिवड्यात पाच वर्षे काढणाऱ्या कुटुंबांची वाट एकच होती, हे कोल्हापूरच्या जुन्या लोकांना वेगळे सांगायला नको.

निधीची बाजू थोडक्यात अशी. ब्रिटनमध्ये सैनिकांच्या विधवा व मुलांसाठी देशव्यापी वर्गणी १८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धावेळी सुरू झाली, सैनिक-कुटुंबांसाठीची कायम संस्था १८८५ मध्ये आली, आणि १९१५ ते १९२१ या काळात अंध, मानसिक आघात झालेल्या आणि बेकार सैनिकांसाठीच्या संस्था एकामागून एक उभ्या राहिल्या. नोव्हेंबर १९२१ मध्ये युद्धात मेलेल्यांच्या स्मरणार्थ छातीवर लावायच्या लाल कापडी पॉपी फुलाची पहिली विक्री झाली. सुमारे ९० लाख फुले खपली आणि १,०६,००० पौंड जमले. आपल्याकडे १९४९ पासून ७ डिसेंबरला ध्वजदिन पाळला जातो आणि शाळांतून व सरकारी कचेऱ्यांतून कागदी झेंड्यांवर वर्गणी गोळा होते, त्याचीच ही थोरली बहीण. पहिल्या महायुद्धात अपंग झालेल्या भारतीय सैनिकांसाठी १९१७ मध्ये मुंबईत सुरू झालेली आणि पुढे खडकीला गेलेली प्रशिक्षण संस्थाही याच लाटेतली.

अस्वलाला स्टुडिओत आणले ते सैनिकांच्या संस्थांनी नव्हे, तर मुलांसाठीच्या निधीने. ब्रिटनच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने मुलांसाठी पहिले रेडिओ आवाहन १९२७ च्या नाताळात केले होते. १९८० मध्ये त्याचे रूपांतर दूरचित्रवाणीवरच्या तासन्‌तास चालणाऱ्या कार्यक्रमात झाले, आणि १९८५ मध्ये संस्थेतीलच एका आरेखनकर्तीने त्या कार्यक्रमासाठी डोक्याला पट्टी बांधलेले अस्वल काढून त्याला आपल्या यॉर्कशायरमधील गावाचे, पुडसीचे, नाव दिले. आधी ते तपकिरी होते; दुसऱ्या वर्षी ते पिवळे झाले. त्या पट्टीतच सारे आहे. दुखापत दिसते, पण बघवत नाही इतकी दिसत नाही. मदत मागितली जाते, पण मागणारा रडत नाही. पुढे जखमी सैनिकांचा विषय दूरचित्रवाणीवर आणण्याची वेळ आली, तेव्हा ही भाषा एका पिढीच्या सरावाची झालेली होती.

ती वेळ २००६ नंतर आली. त्या वर्षी ब्रिटिश फौजा अफगाणिस्तानच्या हेल्मंड प्रांतात उतरल्या आणि इराकमधील जखमींच्या ओघात हेल्मंडचे जखमी येऊ लागले. रस्त्यात पुरलेल्या सुरुंगांनी पाय गमावलेले तरुण वेळेवर मिळालेल्या वैद्यकीय मदतीमुळे वाचत होते. आधीच्या युद्धांत त्यातले बरेच जण रणांगणावरच गेले असते. त्यामुळे दीर्घ उपचाराची गरज असलेल्यांची संख्या वाढली, आणि नेमक्या याच काळात त्यांच्यासाठीची लष्करी रुग्णालये बंद होत आली होती.

हा सगळ्यात वादग्रस्त निर्णय आहे. शीतयुद्ध संपल्यावर, १९९० च्या दशकातील संरक्षणखर्चाच्या फेरआढाव्यांत असे ठरले, की स्वतंत्र लष्करी रुग्णालये चालवणे परवडत नाही आणि शांततेच्या काळात तेवढे रुग्णही नसतात. तेव्हा लष्करी डॉक्टरांनी नागरी आरोग्यसेवेच्या रुग्णालयांतच काम करावे. या विचारात तथ्य होते. आघाताच्या रुग्णांवर रोज उपचार करणारे मोठे शहरी रुग्णालय हे गोंडस पण रिकाम्या लष्करी रुग्णालयापेक्षा शल्यकौशल्यात पुढे असते, आणि बर्मिंगहॅमच्या सेली ओक रुग्णालयात वाचलेले सैनिक त्याची साक्ष आहेत. परंतु शस्त्रक्रिया म्हणजे उपचाराचा एक भाग. शुद्धीवर आलेल्या सैनिकाच्या शेजारच्या खाटेवर त्याचा सोबती नसून अनोळखी नागरी रुग्ण असे, भेटीला आलेल्या आई-वडिलांच्या राहण्याची धड सोय नसे, आणि पोर्ट्समथजवळील हॅसलर या शेवटच्या लष्करी रुग्णालयावरचा सैन्याचा ताबा २००७ मध्ये सुटला, तो हेल्मंडची लढाई ऐन भरात असताना. निर्णय शांततेच्या हिशेबावर घेतला गेला आणि त्याची अंमलबजावणी युद्धात पूर्ण झाली. हिशेब बदलला असतानाही निर्णय न बदलणे ही माझ्या मते खरी चूक होती, आणि अस्वलाच्या झोळीत पुढे पडलेले बरेचसे पैसे ती चूक भरून काढण्यासाठी लागले.

सरे परगण्यातील हेडली कोर्ट या लष्करी पुनर्वसन केंद्रात तेव्हा पूर्ण लांबीचा पोहण्याचा तलाव नव्हता. पाय गमावलेल्या माणसाला पाण्यात व्यायाम करणे सर्वांत सोपे जाते, म्हणून तिथल्या सैनिकांना जवळच्या लेदरहेड गावातील सार्वजनिक तलावावर न्यावे लागे. २००७ च्या अखेरीस तिथे काही स्थानिकांनी त्यांच्या उपस्थितीबद्दल तक्रार केल्याचे प्रसिद्ध झाले आणि देशभर संताप उसळला. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला, सेली ओकमधील जखमींना भेटून आलेल्या एका माजी अधिकाऱ्याने आणि त्याच्या पत्नीने ‘हेल्प फॉर हीरोज’ (वीरांसाठी मदत) ही नवी संस्था सुरू केली होती, आणि तिचे पहिले काम हेडली कोर्टला तलाव बांधून देणे हेच होते. तो अधिकारी व्यवसायाने व्यंगचित्रकार होता. टेडी अस्वलाचा जन्मही व्यंगचित्रातूनच झालेला. हा योगायोग नोंदवल्याशिवाय राहवत नाही. सुमारे ८० लाख पौंड खर्चाचे तलाव व व्यायामशाळेचे संकुल जून २०१० मध्ये खुले झाले.

मधल्या काळात वातावरण झपाट्याने बदलले. २००७ पासून शवपेट्या विल्टशायरमधील लायनमच्या हवाई तळावर उतरत आणि वूटन बॅसेट गावातून जात. गावकरी प्रत्येक वेळी दुकाने थांबवून रस्त्याच्या कडेला मुकाट उभे राहत. २००९ मध्ये सशस्त्र दल दिन सुरू झाला. २००८ मध्ये दूरचित्रवाणीवरील गायन स्पर्धेच्या अंतिम स्पर्धकांनी जखमी सैनिकांसाठी गायलेले गीत विक्रीत पहिल्या क्रमांकावर गेले, आणि २०११ च्या नाताळात आघाडीवर गेलेल्या सैनिकांच्या पत्नींच्या गायकवृंदाने तोच मान मिळवला. तो वृंदही दूरचित्रवाणीच्या मालिकेतून घडला होता. मनगटावरचे तिरंगी पट्टे, म्हणजे नौदलाचा गडद निळा, भूदलाचा लाल आणि हवाई दलाचा फिका निळा, शाळकरी मुलांच्या हातांवर दिसू लागले. तेच तीन रंग ल्यालेले टेडी अस्वल दुकानात विकायला येणे ही पुढची साहजिक पायरी होती, आणि विकायचे अस्वल माणसाएवढे करून रस्त्यावर चालवणे ही त्याच्या पुढची.

या लोकप्रियतेवर आक्षेप घेणारेही होते, आणि त्यांत माजी सैनिकच पुढे होते. सर्व जखमींना सरसकट ‘वीर’ म्हणणे अनेकांना रुचत नव्हते. शिवाय टिडवर्थ, कॅटरिक, कोलचेस्टर आणि प्लिमथ येथे देणग्यांतून पुनर्वसन केंद्रे उभी राहू लागली, तेव्हा २०१२ च्या सुमारास असा प्रश्न विचारला गेला, की सरकारने बांधायच्या इमारती वर्गणीतून का बांधायच्या, आणि आधीच्या युद्धांतील वयस्क सैनिकांच्या वाट्याला त्यातले काय येणार. संस्थेचे उत्तर असे होते, की सरकार बांधीपर्यंत थांबण्याइतका वेळ जखमींकडे नाही. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. पण ज्याला आज पाय हवा आहे त्याच्यापुढे दुसरी बाजू अधिक जड ठरते, असे मला वाटते.

आता चित्रीकरणाविषयी. प्रेक्षकांसमोर होणाऱ्या ब्रिटिश कार्यक्रमांची तिकिटे सहसा फुकट असतात आणि जागांपेक्षा जास्त वाटली जातात, कारण काही लोक येत नाहीत. चित्रीकरण तासन्‌तास चालते. दृश्ये पुन्हा पुन्हा घेतली जातात आणि मधल्या वेळात प्रेक्षकांना खेळवत ठेवण्यासाठी खास विनोदवीर नेमलेला असतो. या मोकळ्या वेळेत अस्वलाला जागा मिळते. आत पोशाख घातलेला माणूस असतो. जाड फोमच्या डोक्यातून त्याला जाळीतून जेमतेम समोरचे दिसते, खालची पायरी दिसतच नाही, आणि स्टुडिओच्या दिव्यांखाली थोड्याच वेळात तो घामाने निथळतो. म्हणून एक सोबती कायम त्याच्या कोपराला धरून चालतो. अस्वल बोलत नाही, हा सर्वत्र पाळला जाणारा नियम आहे. बोलण्याचे काम सोबत्याचे.

प्रसारणाचे नियम या भेटींना आकार देतात. व्यापारी वाहिन्यांना लागू असलेल्या संहितेनुसार कार्यक्रमात धर्मादाय आवाहन विनामूल्य करता येते, मात्र वाहिनीने शक्य असेल तेव्हा, कालांतराने निरनिराळ्या संस्थांना संधी द्यावी अशी अपेक्षा असते. सार्वजनिक प्रसारण संस्थेत एखाद्या संस्थेला अवाजवी ठळकपणा मिळू नये यावर कटाक्ष असतो. त्यामुळे अस्वल प्रत्यक्ष प्रसारणात दिसेलच असे नाही. संकलनात ते गाळलेही जाऊ शकते. सूत्रसंचालकाबरोबरचे छायाचित्र मात्र राहते, आणि संस्थेला हवे असते ते तेच.

येथे पॉपी फुलाशी तुलना बोलकी ठरते. दर नोव्हेंबरमध्ये पडद्यावर दिसणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर फूल आहे की नाही, यावर वाद होतो. २००६ मध्ये एका वृत्तनिवेदकाने ते लावण्यास नकार दिला, तेव्हा त्या सक्तीबद्दल त्याने वापरलेले कठोर शब्द बरेच दिवस गाजले. फूल लावणे म्हणजे भूमिका घेणे झाले आहे. अस्वलाला मिठी मारणे ही अजून कोणी भूमिका मानत नाही. इराकच्या युद्धाला कडाडून विरोध केलेला कलावंतही अस्वलाशेजारी विनासंकोच उभा राहतो, कारण युद्ध योग्य होते का, हा प्रश्न अस्वल विचारतच नाही. संस्थेसाठी हीच त्याची मोठी सोय आहे. नागरिक म्हणून मला ती थोडी अस्वस्थ करते: अफगाणिस्तानात ४५७ ब्रिटिश सैनिक गेले, आणि ते का गेले हा प्रश्न विचारणारे ठिकाण स्टुडिओत कुठेतरी असायला हवे.

हेल्मंडमधील ब्रिटिश लढाई ऑक्टोबर २०१४ मध्ये संपली. जखमींची छायाचित्रे पहिल्या पानावरून गेली आणि वर्गणीचा ओघ टिकवणे सर्वच संस्थांना कठीण झाले. अस्वलांच्या भेटींचे महत्त्व वाढले ते याच काळात. २०१८ मध्ये लष्करी पुनर्वसन केंद्र हेडली कोर्टमधून नॉटिंगहॅमशायरमधील स्टॅनफर्ड हॉल येथे हलले, आणि लोकवर्गणीचा तो तलाव मागे राहिला. २०२० मध्ये साथीच्या काळात बंद झालेली संस्थेची पुनर्वसन केंद्रे पूर्वीच्या स्वरूपात पुन्हा उघडली नाहीत. मदत घरोघरी आणि दूरध्वनीवरून देण्यावर भर आला.

आज स्टुडिओत अस्वलाला टाळी देणारी मुले हेल्मंडची लढाई संपल्यानंतर जन्मलेली आहेत. तिथे विशीत पाय गमावलेले सैनिक आता चाळिशीला टेकले आहेत. वय आणि वजन बदलते तसा मांडीचा उरलेला भाग बदलतो, आणि कृत्रिम पायाची वाटी दर काही वर्षांनी नव्याने घडवावी लागते.